पाप नेमके कुठे घडते?

एक गरीब बाई आहे. तान्हे मूल थंडीने काकडते आहे आणि मायलेकरांना पुरेल एवढे पांघरूण घरात नाही. जीव कळवळून ती मुलाला पोटाशी घेते, अंगावरच्या चिंध्यांतच गुंडाळते. झोप अनावर होते, आणि जिवापाड जपलेले ते मूल तिच्याच कुशीत गुदमरून मरते. पुढे ती बिशपसमोर उभी राहते तेव्हा तिला कठोर प्रायश्चित्त सांगितले जाते.

या बाईने पाप केले का? बाराव्या शतकातला फ्रेंच तर्कपंडित पिएर आबेलार म्हणतो, तिळमात्रही नाही. मग बिशपने दिलेली शिक्षा चूक म्हणायची? तर तसेही नाही, असे तो म्हणतो. ही दोन्ही उत्तरे एकाच वेळी खरी कशी असू शकतात, हे सांगण्यासाठी त्याने 1138-39च्या सुमारास लॅटिनमध्ये एक छोटा ग्रंथ लिहायला घेतला. त्याचे नाव 'नीतिशास्त्र', आणि दुसरे नाव 'स्वतःला ओळख'. मध्ययुगीन युरोपातल्या नैतिक विचाराचे इतके धीट पुस्तक मला दुसरे माहीत नाही.

इंग्रजी पुस्तकांत हा पीटर अ‍ॅबेलार्ड म्हणून भेटतो, आणि बहुतेकांना तो एलोईजचा प्रियकर म्हणूनच ठाऊक असतो. पॅरिसच्या पेर-लाशेज दफनभूमीत 1817 पासून दोघांची समाधी आहे आणि प्रेमिक आजही तिथे जातात. या प्रेमकथेने त्याचे नाव जिवंत ठेवले हे खरे, पण त्याच्यातला तत्त्वज्ञ मात्र झाकून टाकला. आणि एलोईजवर तर त्याहून मोठा अन्याय झाला. या नीतिविचारात तिचा जो वाटा आहे, तो विरहिणीच्या चित्राखाली दबून गेला.

आधी त्या काळातली रीत पाहू. सहाव्या शतकापासून आयर्लंडमध्ये आणि मग युरोपभर पापांच्या याद्या असलेली पुस्तके वापरात आली होती. कुठल्या कृत्याला किती दिवस वा वर्षे भाकरी-पाण्यावरचा उपास, हे त्यांत नोंदलेले असे. 1020च्या सुमारास वोर्म्सचा बिशप बुर्खार्ड याने केलेल्या मोठ्या संग्रहात तर पापाची कबुली घेताना विचारायच्या प्रश्नांचा एक आख्खा भाग आहे. आपल्याकडच्या कृच्छ्र-चांद्रायणांशी परिचय असलेल्या वाचकाला हे परके वाटणार नाही. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात प्रायश्चित्तांचा जो प्रचंड पसारा मांडला आहे, त्यातही जाणून केलेले आणि अजाणता घडलेले पाप यांतला भेद पदोपदी येतो. युरोपातल्या याद्यांनाही हा भेद ठाऊक होता. पण मोजमापाची सुरुवात कृत्यापासून व्हायची. आधी काय घडले ते पाहायचे, मग मनात काय होते यावरून त्यात सूट द्यायची.

आबेलारने हा क्रमच उलटा केला. हे धाडस त्याच्यात आले कुठून, ते त्याच्या एकंदर कारकिर्दीकडे पाहिले की उमगते.

त्याचा जन्म 1079चा, ब्रिटनीतल्या नांत शहराजवळच्या ल पाले या गावचा. बाप लढवय्या सरदार, पण अक्षरओळख असलेला आणि मुलांना शिकवण्याची हौस असलेला. आबेलार थोरला, म्हणजे वतनाचा वारस. त्याने वतन भावांना देऊन टाकले आणि तर्कशास्त्र शिकवणाऱ्या गुरूंच्या शोधात तो गावोगाव हिंडू लागला. विद्यापीठे अजून जन्माला यायची होती. कॅथीड्रलच्या आवारात एखादा नामवंत गुरू शिकवी आणि विद्यार्थी त्याच्या नावावर लांबून येत. गुरूची प्रतिष्ठा वादात टिकण्यावर होती, आणि वादात आबेलारला तोड नव्हती.

पहिला बळी पडला तो पॅरिसचा गियोम द शांपो. सॉक्रेटिस आणि प्लेटो दोघेही माणूस, म्हणजे 'माणूसपण' नावाचे एकच सत्त्व दोघांतही पूर्णपणे असते, असे गियोम शिकवी. आबेलारने विचारले, मग 'प्राणीपण' हेही एकच सत्त्व सॉक्रेटिसमध्ये आणि गाढवात असणार. सॉक्रेटिस विवेकी आणि गाढव अविवेकी. एकच वस्तू एकाच वेळी विवेकी आणि अविवेकी कशी? गियोमला आपले मत बदलावे लागले आणि त्याच्या वर्गाची रया गेली. आबेलारचा दुसरा गुरू रोसलँ दुसऱ्या टोकाला होता. त्याच्या मते अशी सामान्ये म्हणजे नुसते उच्चार. आबेलारने मधली वाट काढली. जगात असतात त्या एकेकट्या वस्तू. सामान्य असतो तो अर्थपूर्ण शब्द, आणि तो अर्थ मन त्या वस्तूंवरूनच घडवते. पुढे नीतीकडे वळल्यावरही त्याचे लक्ष असेच एकेकट्या माणसावर आणि त्याच्या मनाच्या व्यापारावर राहिले. मला हा योगायोग वाटत नाही.

1113मध्ये तो धर्मशास्त्र शिकायला लाँ येथे आन्सेल्म या वृद्ध आणि सर्वमान्य गुरूकडे गेला. तिथे त्याचे मन रमले नाही. सहाध्यायांनी डिवचले तेव्हा त्याने बायबलमधल्या यहेज्केलच्या अवघड ग्रंथावर दुसऱ्याच दिवशी व्याख्यान देऊन दाखवले. विद्यार्थी गर्दी करू लागल्यावर आन्सेल्मने त्याला शिकवण्यास बंदी केली. आत्मवृत्तात तो आन्सेल्मला पोकळ ठरवतो, ते मला पटत नाही. पापाची प्रेरणा, तिच्यातला आनंद आणि तिला दिलेली संमती या पायऱ्या ऑगस्टीनने फार पूर्वी दाखवल्या होत्या, आणि त्यांची चर्चा लाँच्या परंपरेत जिवंत होती. आबेलारच्या नीतिशास्त्राचा कच्चा माल ज्या गुरूला त्याने तुच्छ लेखले, त्याच्याच अंगणातला आहे.

मग पॅरिसची नोत्र-दाम शाळा, कीर्ती, पैसा, आणि एलोईज. कॅनन फ्यूल्बेरची ही भाची विद्वत्तेसाठी आधीच नावाजलेली होती. आबेलार शिक्षक म्हणून त्यांच्या घरी राहायला गेला, तो तिला वश करायचे ठरवूनच. हे त्याने स्वतःच आत्मवृत्तात लिहून ठेवले आहे. नंतरच्या एका पत्रात तर तिची इच्छा नसताना आपण धाक आणि मार वापरल्याचीही कबुली आहे. ज्यांना ही निर्मळ प्रेमकथा हवी असते, ते ही ओळ वगळतात. ती वगळू नये. पुढे मुलगा झाला, त्याचे नाव आस्त्रोलाब ठेवले. एलोईजचा विरोध असताना गुप्त विवाह झाला. आबेलारने तिला आर्जांतयच्या मठात ठेवले तेव्हा तो तिला टाकतो आहे असे समजून फ्यूल्बेरच्या माणसांनी रात्री घुसून त्याला नपुंसक केले. आबेलार सँ-दनीच्या मठात साधू झाला. त्याच्या सांगण्यावरून, आणि त्याच्याही आधी, एलोईजने संन्यासिनीचा वेश घेतला.

पुढची वीस वर्षे संकटांची आहेत. 1121मध्ये स्वासाँच्या धर्मसभेने त्रैक्यावरचा त्याचा ग्रंथ त्याच्याच हाताने आगीत टाकायला लावला. सँ-दनीत त्याने मठाच्या आश्रयदात्या संताच्या ओळखीवरच शंका काढली आणि तिथून पळ काढावा लागला. शांपाञच्या रानात त्याने बोरू आणि गवताने शाकारलेली प्रार्थनाकुटी उभारली. तिथेही विद्यार्थी आले आणि भोवती झोपड्या घालून राहिले. तिचे नाव पॅराक्लीट. त्यानंतर ब्रिटनीतल्या सँ-जिल्दा मठाचे अधिपत्य मिळाले, तर तिथल्या साधूंनी त्याला विष घालायचा प्रयत्न केला.

याच काळात त्याने 'होय आणि नाही' या ग्रंथाची जुळवाजुळव केली. 158 प्रश्न, आणि प्रत्येकाखाली चर्चच्या पूर्वाचार्यांची परस्परविरोधी वचने. त्याने उत्तर एकाचेही दिले नाही. प्रस्तावनेत मात्र वाचायचे कसे ते सांगितले: शब्द कुठल्या अर्थाने वापरला ते पाहा, प्रत भ्रष्ट नाही ना ते तपासा, लेखकाने पुढे मत बदलले का ते शोधा, एवढे करूनही विरोध राहिलाच तर कोणाचा अधिकार मोठा ते ठरवा. शंकेतून शोध आणि शोधातून सत्य, ही त्याची श्रद्धा होती. अक्षर वाचायचे ते लिहिणाऱ्याच्या मनापर्यंत पोचण्यासाठी, ही सवय इथे पक्की झालेली दिसते. माणसाचे कृत्य तो पुढे याच पद्धतीने वाचणार होता.

1129मध्ये आर्जांतयच्या संन्यासिनींना मठाबाहेर काढले गेले. आबेलारने पॅराक्लीट एलोईजला दिले आणि ती तिथली अध्यक्षा झाली. 1132च्या सुमारास त्याने आपल्या आपत्तींची कथा (वर आलेले आत्मवृत्त ते हेच) लिहिली, ती एलोईजच्या हाती पडली आणि पत्रव्यवहार सुरू झाला. एलोईजच्या पहिल्या दोन पत्रांकडे लोक विरहगीत म्हणून पाहतात. मला त्यांत एका तत्त्वज्ञाचा युक्तिवाद दिसतो.

तिचे म्हणणे असे. माझ्यामुळे तुझी अपरिमित हानी झाली, म्हणून मी अपराधी. आणि तरीही मी पूर्ण निरपराध, हे तुझ्याइतके कोणाला ठाऊक? अपराध कृत्यात नसतो, करणाऱ्याच्या मनोभूमिकेत असतो, आणि माझे मन तू जाणतोस. इथवर हा बचाव आहे. पण मग ती तोच निकष स्वतःच्या पुण्यावर लावते, आणि तिथे मी दर वेळी थांबतो. लोक मला शीलवती म्हणतात, कारण त्यांना बाहेरचे आचरण दिसते. प्रार्थनेच्या ऐन घडीला माझ्या मनात जुन्या सुखांची चित्रे येतात आणि जे केले त्याबद्दल हळहळण्याऐवजी जे हरवले त्यासाठी मी हळहळते. मी संन्यास घेतला तो देवासाठी नव्हे, तुझ्या आज्ञेवरून. मग देवाकडून मला कुठल्या फळाची आशा?

हेतूच्या निकषाची याहून निर्दय परीक्षा कोणी घेतली नाही. आपला दोष धुऊन काढायला हा निकष सगळ्यांनाच आवडतो. आपले पुण्यही त्याने धुतले जाते, हे मान्य करायला एलोईजचा प्रामाणिकपणा लागतो. ही पत्रे नीतिशास्त्राच्या ग्रंथाच्या काही वर्षे आधीची आहेत. पुढे तिने आबेलारला बायबलसंबंधी 42 प्रश्न पाठवले. त्यांतला शेवटचा असा: देवाने ज्याची परवानगी दिली, किंबहुना आज्ञाच केली, ते करताना कोणाला पाप लागू शकते का? असे प्रश्न विचारणारी व्यक्ती समोर असताना लिहिलेला ग्रंथ एकट्याचा मानणे मला जड जाते.

आता त्या ग्रंथाकडे. आबेलार एकेक थर सोलत जातो. मनाचा दोष, म्हणजे रागीटपणा किंवा लोभीपणा, हे पाप नव्हे. तो पांगळेपणासारखा जन्मतः येऊ शकतो. इच्छा? तीही पाप नव्हे. दुसऱ्याच्या बागेतली फळे पाहून तोंडाला पाणी सुटले, तर त्यात गुन्हा काय? उलट इच्छा असूनही तिला आवर घालण्यातच पुण्य आहे. लढाईच नसेल तर विजय कसला? सुख? तेही नव्हे. देवाने फळ रुचकर केले आणि ते रुचकर लागले म्हणून देवच रागावेल काय? साखळदंडाने बांधलेल्या साधूला कोणी जबरदस्तीने स्त्रियांमध्ये निजवले आणि देहाला सुख झाले, तर त्याला पापी म्हणता येत नाही. मग पाप उरते कुठे? जे करू नये हे आपल्याला माहीत आहे, त्याला आपण आतून होकार देतो त्या क्षणी. हा होकार म्हणजे देवाची अवहेलना, आणि पाप ते एवढेच. नंतर प्रत्यक्ष कृत्य घडले तरी पापात भर पडत नाही, घडायचे राहिले तरी वजाबाकी होत नाही.

उदाहरणांची त्याला फार हौस. दोघे मिळून एका गुन्हेगाराला फाशी देतात. एक न्यायाच्या चाडेने, दुसरा जुन्या वैराने. दोर एक, कृत्य एक, आणि तरी एकाचे चांगले, दुसऱ्याचे वाईट. दोघांना गरिबांसाठी निवारा बांधायचा आहे. एकाने बांधला, दुसऱ्याचे पैसे चोरीला गेले. दुसऱ्याचे पुण्य कमी मानले, तर थैलीच्या वजनावर माणूस चांगला ठरतो असे होईल. सरदाराच्या पोराने हे लिहावे, याचे मला मोल वाटते.

एक उदाहरण मात्र मला पटत नाही. क्रूर धनी नागवी तलवार घेऊन निरपराध नोकरामागे धावतो. नोकर जमेल तितका पळतो आणि अखेर नाइलाजाने धन्याला मारतो. मारायची इच्छा त्याला नव्हती, जगायची होती. तरी आबेलार त्याला पापी म्हणतो, कारण मारण्याला त्याने होकार दिला. त्याने मरण सोसायला हवे होते. वाईट इच्छा नसतानाही पाप असू शकते हे दाखवण्यासाठी हे उदाहरण आहे. आजचा कायदा त्या नोकराला स्वसंरक्षणाचा हक्क देईल, आणि तेच न्याय्य आहे.

मग त्या बाईला शिक्षा का? कारण माणसांचा न्याय निराळा. मनात डोकावणे देवाला जमते, आपल्याला नाही. म्हणून आपण कृत्याला शिक्षा करतो, आणि तीही पापाच्या वजनाने नव्हे, तर इतरांनी सावध व्हावे म्हणून. यासाठीच आग लावणाऱ्याला व्यभिचाऱ्यापेक्षा जबर शिक्षा होते, जरी देवापुढे दुसरे पाप मोठे असले. आबेलार आणखी पुढे जातो. साक्षीदार खोटे आहेत हे न्यायाधीशाला ठाऊक असेल, पण ते कायद्याने खोडता येत नसतील, तर निरपराध माणसालाही शिक्षा देणे त्याला भाग आहे. सार्वजनिक न्याय आणि खरा दोष या दोन गोष्टी त्याने इतक्या स्वच्छपणे वेगळ्या केल्या की शिक्षा झाली म्हणून माणूस वाईट, ही समजूत मुळातच उखडली जाते.

इथे एक गैरसमज टाळायला हवा. 'माझा हेतू चांगला होता' एवढ्यावर आबेलार कोणाचे कृत्य चांगले ठरवत नाही. हेतू चांगला वाटून भागत नाही, तो खरोखर चांगला असावा लागतो. नाहीतर धर्माच्या नावाने छळ करणारेही पुण्यवान ठरतील. पण जो मनापासून चुकला, त्याने सद्विवेकाविरुद्ध वर्तन केले नाही, म्हणून त्याला पापीही म्हणता येत नाही. मग ज्यांनी येशूला क्रूसावर चढवले, त्यांचे काय? हे आपले कर्तव्यच आहे असे ते खरोखर मानत असतील, तर त्यांच्या माथी दोष नाही. सद्विवेकाविरुद्ध जाऊन त्याला सोडले असते, तर ते अधिक मोठे पाप झाले असते. ज्या काळात या मृत्यूचा ठपका आख्ख्या ज्यू समाजावर ठेवला जात होता, त्या काळात हे लिहिले गेले. एका तत्त्वज्ञाचा ज्यू आणि ख्रिस्ती यांच्याशी संवाद त्याने रचला आहे, त्यातही ज्यूंनी श्रद्धेपायी सोसलेल्या यातना ज्यूच्याच तोंडून विलक्षण सहानुभूतीने सांगितल्या आहेत.

या विचाराला एक मोठी फट आहे आणि ती लपवून चालणार नाही. सगळे पाप देवाच्या अवहेलनेत बसवले की ज्याच्यावर अन्याय झाला तो माणूस चित्रातून जवळजवळ नाहीसा होतो. एलोईजवरच्या बळजबरीची कबुली देताना आबेलारला आपले देवापुढचे पाप दिसते. तिचे दुःख त्याच्या लेखणीतून निसटते.

चर्चला मात्र वेगळेच खटकले. पैसे घेऊन प्रायश्चित्तात सूट देणाऱ्या धर्मगुरूंवर त्याने ग्रंथात कोरडे ओढले होते, आणि प्रत्येक बिशपला पापे बांधण्या-सोडण्याचा अधिकार खरोखर असतो का, असेही विचारले होते. सांस येथे 1141मध्ये, जुन्या इतिहासांप्रमाणे 1140मध्ये, धर्मसभा भरली. क्लेअरव्होचा मठाधिपती बर्नार याने 19 आक्षेपार्ह विधानांची यादी तयार केली होती आणि आदल्या संध्याकाळीच बिशपांकडून तिचा निषेध वदवून घेतला होता. येशूला मारणाऱ्यांविषयीचे विधान त्या यादीत होते. दुसऱ्या दिवशी आबेलारने वाद घालायचेच नाकारले आणि पोपकडे दाद मागितली. आयुष्यभर वादाला आसुसलेला माणूस गप्प राहिला, कारण निकाल आधीच लागला होता. दुसऱ्या इनोसंट पोपने निषेध कायम केला आणि मौनाची आज्ञा दिली. रोमला निघालेल्या थकलेल्या आबेलारला क्लुनीचा मठाधिपती पूज्य पिएर याने ठेवून घेतले आणि बर्नारशी समेटही घडवला. 21 एप्रिल 1142 रोजी शालोंजवळच्या सँ-मार्सेलमध्ये तो वारला. पूज्य पिएरने त्याचे शव पॅराक्लीटला पोचवले. एलोईजने पूज्य पिएरला पत्र लिहून आबेलारच्या पापमुक्तीचा मोहोरबंद लेख मागून घेतला आणि त्याच पत्रात आस्त्रोलाबसाठी चर्चमध्ये एखादी जागा मिळेल का, अशी विचारणाही केली.

ग्रंथाचा दुसरा भाग सत्कृत्यांवर असायचा होता. तो सुरू होतो आणि लगेच तुटतो. हस्तलिखितेही मोजकीच उरली. विसाव्या शतकात ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड लस्कम यांनी आबेलारच्या शिष्यपरंपरेचा माग काढला आणि 1971मध्ये ऑक्सफर्डहून या ग्रंथाची लॅटिन संहिता इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केली, तेव्हा तो नव्याने वाचला जाऊ लागला.

विचार मात्र नाव न घेता चालत राहिला. 1215च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने प्रत्येक ख्रिस्ती माणसाला वर्षातून एकदा पापाची कबुली बंधनकारक केली आणि कबुली घेणाऱ्याने जाणत्या वैद्याप्रमाणे पाप आणि पापी या दोघांची परिस्थिती तपासावी, असे सांगितले. तेराव्या शतकात थॉमस अ‍ॅक्वायनसने सद्विवेक चुकलेला असला तरी तो बांधून ठेवतो, हे मान्य केले. पण त्याने एक प्रश्न जोडला: जे माहीत नव्हते, ते माहीत करून घेणे तुझे काम होते का? निष्काळजीपणातून आलेले अज्ञान दोष धुऊन काढत नाही. येशूला मारणाऱ्यांनाही त्याने सरसकट मोकळे सोडले नाही. कोणाला काय कळायला हवे होते, हे पाहून त्यांचा दोष कमी-जास्त ठरवला.